आजोबांची फ्रेंच दुनळी आणि बेळगावचे मिस्त्रीमामा

खानापूरला आमच्या घरी आजोबांपासून बारा बोअरची दुनळी आहे, मानूफ्रान्सची 'रोबुस्त'. सेंत-एत्येनची ही कंपनी 1885 साली निघाली आणि शंभरेक वर्षांनी बुडाली, तेव्हा सुटे भाग मिळायचे नाव नको. दस्त्याच्या पोटात गुंडाळून जाणारा चामडी पट्टा हे तिचं खास कौतुक. त्याची स्प्रिंग गेली होती, म्हणून बेळगावला एका जुन्या मिस्त्रीमामांकडे नेली.

मामांनी पट्ट्याकडे बघितलंच नाही. नळ्या सोडवल्या, खालचा चपटा भाग पुसला आणि म्हणाले, "काडतुसं कुठली घालतासा?" मी डबा दाखवला. 70 मिमी. नळीवर शिक्का 65 चा, म्हणजे काडतूस बसायची खोबणी तेवढ्याच लांबीची! एका दुकानदाराने बंदूक न बघताच डबा विकला होता. न उडवलेलं 70 चं काडतूस 65 च्या खोबणीत सहज बसतं, हीच मेख. उडताना त्याचं दुमडलेलं तोंड उलगडतं, पुढे जागा नसते आणि दाब भलताच वाढतो. दोन वर्षं मी तेच घालून फिरत होतो. सुदैवाने वापर नाहीच. शिकार 1972 च्या कायद्याने बंद, नि परवाना पीक राखायचा.

एकसंध गोळीचं, म्हणजे स्लगचंही विचारलं. मामा म्हणाले, ही छर्‍यांची बंदूक, तितर-सशांसाठी बांधलेली. नळीचं तोंड आवळलेलं, आणि दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एका जागी पडतील याची खात्री नाही. आमचे जावई विमानाच्या सुट्या भागांच्या कामाने फ्रान्समध्ये तुलूजला असतात. ते सांगतात, तिकडे रानडुकराला गोळीच लागते, आपल्या एल.जी.सारखे मोठे छर्रे सहसा चालत नाहीत. हाका घालताना सगळ्यांच्या अंगात झळझळीत रंगाची जाकिटं, कायद्यानेच. आणि डुकरांनी शेत उकरलं तर भरपाई शिकार्‍यांच्या महासंघाने द्यायची. हे ऐकून मी गप्पच झालो. आमचा ऊस गव्यांनी लोळवला की फोटो काढा, अर्ज करा, वनखात्याच्या पायर्‍या झिजवा.

असो. मामांनी स्प्रिंग हाताने घडवली, घोड्याचा ताण सारखा केला, दस्त्याला जवसाचं तेल दिलं. 1800 रुपये घेतले. तीन आठवड्यांचे पाच केले, आणि फोन उचलत नाहीत ते नाहीतच. पण त्यांनी तो शिक्का वाचला, त्याचे पैसे वेगळे मागितले असते तरी दिले असते. जाताना लायसन्स घेऊन जा, त्याशिवाय बंदुकीला हात लावत नाहीत.

निवडणूक लागली, आठवड्यातच चकाचक केलेली दुनळी ठाण्यात जमा केली. पट्टा नीट आत जातो, हे तिथल्या हवालदारालाही दाखवलं.