बंगल्याचं गॅरेज वाढवायचं: वेगळं ठेवून, घराला जोडून की नुसता पोर्च?

आमच्या घरचं गॅरेज वडिलांनी पद्मिनीसाठी बांधलेलं, आतून आठ बाय पंधरा फूट. पद्मिनी चार मीटरच्या आतली. शटर लावूनही मागे गव्हाची कोठी आणि दोन सायकली आरामात राहायच्या. मागच्या दिवाळीत धाकट्या भावाने स्कॉर्पिओ-एन आणली. ती 4.66 मीटर लांब आणि गॅरेजची आतली लांबी 4.57. शटर बंपरवर टेकतं. रुंदीतही दोन्ही बाजू मिळून जेमतेम पावणेदोन फूट उरतात, म्हणजे आईला उतरायचं तर गाडी आधी बाहेर काढा. मे महिन्याच्या उन्हात गाडी उघड्यावर ठेवणं म्हणजे काय, ते नागपूरकराला सांगायला नको. गॅरेज वाढवायचं ठरलं आणि मी तीन-चार महिने याच कामाला लागलो. जुनं घर आणि नवी मोठी गाडी असलेले पुष्कळ जण याच पेचात असतात, म्हणून हे लिहितो आहे.

पहिला पर्याय म्हणजे गॅरेज आहे तसं वेगळं ठेवून मोठं करणं. डिसेंबर 2020 पासून लागू असलेल्या राज्याच्या एकत्रिकृत बांधकाम नियमावलीत स्वतंत्र घराच्या गॅरेजचं माप बांधून दिलं आहे: कमीत कमी अडीच बाय पाच मीटर, जास्तीत जास्त तीन बाय सहा. बाजूच्या मोकळ्या जागेत असेल तर ते मुख्य घरापासून तीन मीटर सुटं हवं आणि रस्त्यापासून साडेसात मीटर आत. आता हिशेब करा. तीन मीटरचं अंतर आणि अडीच मीटरचं गॅरेज, म्हणजे घराच्या एका बाजूला साडेपाच मीटर, सुमारे अठरा फूट, मोकळे पाहिजेत. तीस बाय पन्नासच्या प्लॉटवर ते कुठून आणणार? हा पर्याय धंतोली, रामदासपेठ, सिव्हिल लाइन्स अशा जुन्या वस्त्यांतल्या ऐसपैस प्लॉटांचा. तिथेही दोन मोठ्या गाड्या शेजारी-शेजारी लावायचं मनात असेल तर तीन मीटर रुंदीत ते होत नाही.

दुसरा पर्याय घराला जोडून बांधण्याचा. मग ते घराचाच भाग ठरतं. सुधारित नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो, मार्जिन, म्हणजे प्लॉटच्या कडेने सोडायची मोकळी जागा, पाळावं लागतं, एफएसआय, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं त्याची मर्यादा, शिल्लक आहे का ते पाहावं लागतं. खर्च जास्त, कागद जास्त. पण पावसात न भिजता गाडीतून थेट घरात येता येतं. घरात म्हातारं माणूस असेल तर या सोयीला मी फार वजन देईन. एक गोष्ट मात्र कंत्राटदार स्वतःहून सांगत नाहीत. आपल्याकडे बऱ्याच भागात काळी माती आहे, पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. जुन्या घराचा पाया मुरमापर्यंत गेलेला आणि नव्या खोलीचा दोन फुटांवर थांबलेला असला की जोडावर वरपासून खालपर्यंत तडा जातो. माझ्या मावसभावाकडे पहिल्याच वर्षी गेला, बोट जाईल एवढा. पाया मुरमापर्यंत न्या आणि जुन्या-नव्या भिंतीत सांधा सोडा.

तिसरा पर्याय पोर्च किंवा शेड. सर्वांत स्वस्त, हवा खेळती, गाडी सावलीत. पण खांब रोवून पक्कं बसवलेलं शेड हेही बांधकामच आहे, नकाशावर दाखवावंच लागतं. गाडीला नुसती सावली हवी असेल तर माझा कौल यालाच. जमीनही उघडी राहते, पाणी मुरतं. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटेचा पाऊस आणि पूर ज्यांनी अंबाझरी तलावाच्या बाजूला पाहिला, त्यांना अंगणभर काँक्रीट ओतण्याचा अर्थ कळतो. गॅरेज बांधलंच तर त्याचं जोतं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा निदान 15 सेंटीमीटर उंच हवं. मी तर फूटभर घेईन.

चौथा पर्याय लोक कुजबुजत सुचवतात: आधी बांधा, मग नियमित करून घ्या. हे करू नका. नियमात बसणारं असेल तरच ते पैसे भरून नियमित होतं, आणि बसत असेल तर आधीच परवानगी का घेऊ नये? न बसणाऱ्याला 1966 च्या नगररचना कायद्याच्या कलम 53 खाली पाडण्याची नोटीस येते. कलम 52 खाली किमान एक महिना कैदेची तरतूद आहे.

परवानगीची वाट आता पूर्वीइतकी बिकट नाही. 150 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला कागद आणि शुल्क भरलं की पावतीवरच काम सुरू करता येतं. 300 पर्यंत दहा दिवसांत प्रमाणपत्र मिळण्याची सोय आहे. खरी अडचण त्याच्या आधीची असते. तुमचा प्लॉट महापालिकेकडे की नासुप्रकडे (नागपूर सुधार प्रन्यास), शहराबाहेर असाल तर एनएमआरडीएकडे (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), हे पहिल्यांदा पाहा. लेआउट गुंठेवारीतला असेल तर आरएल लेटर, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र, हातात असल्याशिवाय नकाशा पुढे सरकत नाही. नझूलची (सरकारी) किंवा नासुप्रच्या लीजची जागा असेल तर ना-हरकत लागते. आखीव पत्रिकेवर, म्हणजे प्लॉटच्या मालकीच्या उताऱ्यावर, अजून आजोबांचंच नाव असेल तर फेरफार आधी. आमचे दोन महिने त्यातच गेले. मधे झाड येत असेल तर त्याची परवानगी वेगळी, ती उद्यान विभागाकडून.

आमच्याकडे नेमकं तेच झालं. दक्षिणेला वाढवायचं तर आजीने लावलेला कडुनिंब जात होता. आर्किटेक्टने लांबी मागच्या बाजूला ढकलली, तीन बाय सहा मीटर बरोबर बसलं आणि निंब राहिला. झाडाची मुळं पाच फूट खोलपर्यंत तपासून पाया त्यांच्यापासून दूर घेतला आहे. नकाशा मंजुरीला गेला आहे. मंजुरी आली की मृगाच्या आत खोदकाम उरकायचं, म्हणजे खड्ड्यात पाणी साचायच्या आधी मुरूम लागेल.