टीएलडी: दिवसाला एकच गोळी, पण अँटासिड जपून
टीएलडी म्हणजे एचआयव्हीवरची गोळी: टेनोफोविर ३०० मिग्रॅ, लॅमिव्हुडिन ३०० मिग्रॅ आणि डोल्युटेग्रॅविर ५० मिग्रॅ, तिन्ही एकाच गोळीत. सरकारी एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्रात फुकट. जेवणाआधी की नंतर, ही कटकट नाही. झोप उडत असेल तर सकाळी घ्या.

खरी गोची अँटासिडची. त्यातलं अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियम डोल्युटेग्रॅविरला आतड्यातच धरून ठेवतं, रक्तात पुरतं उतरू देत नाही. म्हणून जेलुसिलसारखं औषध टीएलडीनंतर २ तासांनी, नाहीतर ६ तास आधी. लोह-कॅल्शियमची गोळी मात्र जेवणासोबत एकत्र चालते. टीबीसाठी रिफाम्पिसिन सुरू असेल तर टीएलडीनंतर १२ तासांनी डोल्युटेग्रॅविर ५० मिग्रॅ वेगळी लागते. केंद्रावर आठवणीने सांगा. हेपेटायटिस बी असेल तर मनानेच गोळी बंद करणं यकृताला महागात पडतं. आणि हो, डबीतली सिलिकाची पुडी फेकू नका.