पाच वर्षं जगण्याची टक्केवारी, किंमत अठरा हजार: पोटाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतरची एक फसवणूक

जठराचा कॅन्सर काढल्यावर आठ-दहा दिवसांनी 'मोठ्या बायोप्सी'चा, म्हणजे काढलेल्या जठराच्या तपासणीचा, रिपोर्ट हातात येतो. दोन-तीन पानं, सगळं इंग्रजीत, आणि घरच्यांचा प्रश्न एकच: आता किती? डॉक्टर राउंडला येतात, 'केमो पूर्ण करू, मग बघू' म्हणतात आणि पुढच्या खाटेकडे वळतात. प्रश्न तसाच लोंबकळत राहतो. त्यावरच एक धंदा उभा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्टचा फोटो पाठवा, पैसे भरा, दोन दिवसांत 'एआय आयुर्मान अहवाल' मिळेल.

मराठवाड्यातल्या एका कुटुंबाला हा अहवाल १८,००० रुपयांना पडला. पेशंट ५८ वर्षांचे, ऑपरेशनच्या आधी फ्लॉट केमोची (चार औषधं एकत्र देण्याच्या पद्धतीची) चार सायकल झालेली, जठराचा खालचा भाग काढलेला. अहवाल गुळगुळीत कागदावर, रंगीत आलेखांसकट. पहिल्या आलेखात पाच वर्षं जगण्याची शक्यता २९ टक्के. दुसऱ्यात, कंपनीचा सहा महिन्यांचा 'पेशी-पुनर्बांधणी कोर्स' घेतला तर ७३ टक्के. कोर्सचे २,४०,००० रुपये. शिवाय फोनवर तोंडी सल्ला: उरलेली केमो घेऊ नका, शरीर आधीच थकलंय. तोंडी अशासाठी, की हे वाक्य लेखी कुठेच सापडू नये. निम्मे पैसे भरले गेले आणि केमो लांबणीवर पडली.

अहवालाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात हिशेबाला वापरलेली माहिती आणि सूत्रांची नावं छापलेली होती. हे पान त्यांनी का राहू दिलं कोण जाणे. सॉफ्टवेअरनं आपोआप जोडलं असावं. सगळी मेख त्याच पानात आहे.

मूळ बायोप्सी रिपोर्टात रसग्रंथींपुढे २/९ असं लिहिलेलं होतं. म्हणजे नऊ रसग्रंथी (बोलीत गाठी) तपासल्या, त्यातल्या दोनांत कॅन्सर सापडला. २९ टक्क्यांचा आकडा काढताना 'बाधित गाठी' या रकान्यात ९ भरले होते. ७३ टक्क्यांसाठी त्याच रकान्यात २ भरले, आणि तपासलेल्या गाठी ३२ दाखवल्या. हा ३२ कुठून आला याला काही आधार नाही. टप्प्यातलं 'एन' हे अक्षर रसग्रंथींचं: एक ते दोन गाठी बाधित असतील तर टप्पा एन१, तीन ते सहा असतील तर एन२, सात ते पंधरा असतील तर एन३ए, आणि सोळापासून पुढे एन३बी. एकाच माणसाला पहिल्या आलेखात एन३ए करून घाबरवलं आणि दुसऱ्यात एन१ करून दिलासा विकला. कोर्सचा या गणिताशी काडीचा संबंध नाही. तो कुठल्याच रकान्यात भरलेला नव्हता.

दोन्ही आकडे काढलेली सूत्रंही वेगवेगळी. पहिलं न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरचं, २००३ साली प्रसिद्ध झालेलं, १,०३९ पेशंटच्या नोंदींवर बेतलेलं. दुसरं सोलच्या राष्ट्रीय विद्यापीठ रुग्णालयाचं, २०१२ चं, ७,९५४ पेशंटवरचं. न्यूयॉर्कचं सूत्र फक्त जठराच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू मोजतं. सोलचं सूत्र कुठल्याही कारणानं झालेला मृत्यू धरतं. त्यामुळे दोघांची उत्तरं शेजारी शेजारी मांडून तुलना करणं मुळातच चूक. त्यात कोरियात चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी जठराची तपासणी सरकारी योजनेत होते, आजार लवकर सापडतो, आणि ऑपरेशनमध्ये दुसऱ्या फळीपर्यंतच्या गाठी काढणं, ज्याला सर्जन डी२ म्हणतात, तिथे सर्रास होतं. तिथला आकडा आपल्याकडच्या पेशंटला लावणं म्हणजे मुंबई लोकलचं वेळापत्रक बघून लातूरची एसटी गाठायला निघणं.

दोन्ही सूत्रं फुकट उपलब्ध नाहीत असा समज करून दिला जातो. मेमोरियलचं गणकयंत्र त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहे. वय, स्त्री की पुरुष, कॅन्सरची मूळ गाठ जठरात कुठे, पेशींचा प्रकार, किती खोल गेली, बाधित गाठी किती, निरोगी गाठी किती, एवढं भरलं की काम झालं. पाच मिनिटांचं काम, पण भरणाऱ्याला रिपोर्ट वाचता आला पाहिजे.

आणि वाचायची सुरुवात एका छोट्या अक्षरापासून करावी. या पेशंटच्या रिपोर्टात टप्पा 'वायपी टी३ एन१' असा होता; 'टी' म्हणजे मूळ गाठ किती खोल गेली, 'पी' म्हणजे टप्पा ऑपरेशननंतर लॅबच्या तपासणीवरून ठरवला. 'वाय' म्हणजे आधी केमो झालेली आहे. फोटो बघून माहिती भरणाऱ्यानं 'वाय' गाळला आणि नुसतं 'पी' धरलं. केमो घेऊनही ज्या दोन गाठींत कॅन्सर उरला, त्या दोन गाठी आणि काहीच उपचार न होता सापडलेल्या दोन गाठी, यांचा अर्थ एक नाही. म्हणूनच टीएनएमच्या, म्हणजे कॅन्सरचे टप्पे ठरवण्याच्या जागतिक पद्धतीच्या, आठव्या आवृत्तीत, जी २०१८ पासून वापरात आहे, केमोनंतरच्या टप्प्यांचा तक्ता वेगळा दिलेला आहे. वरची दोन्ही सूत्रं फ्लॉट रूढ होण्याच्या आधीच्या पेशंटवरून निघाली. म्हणजे रकाने अगदी चोख भरले असते तरी या पेशंटसाठी आकडा भरवशाचा नव्हताच.

आता त्या नऊ गाठींबद्दल, कारण खरी कामाची गोष्ट इथे आहे आणि अहवालवाल्यांनी ती बघितलीसुद्धा नाही. टप्पा ठरवायला किमान १६ गाठी तपासलेल्या असाव्यात, जमल्यास ३० किंवा जास्त, असा टीएनएमचा दंडक आहे. नऊच तपासल्या आणि दोन बाधित निघाल्या, तर न तपासलेल्यांत काही नव्हतं असं म्हणता येत नाही; त्या बघितल्याच गेल्या नाहीत. कमी गाठी तपासल्या की टप्पा कागदावर सौम्य दिसतो. कारण दोन असू शकतात: सर्जननी कमी काढल्या, किंवा लॅबमध्ये चरबीतून नीट शोधल्या नाहीत. केमोनंतर गाठी आक्रसतात आणि शोधायला अवघड जातात, हेही खरं. अशा वेळी सर्जनना सरळ विचारावं, 'डॉक्टर, बाबांच्या रिपोर्टात नऊच गाठी आहेत, लॅबकडून पुन्हा शोधून घेता येतील का?' फॉर्मलिनमध्ये ठेवलेला जठराचा तुकडा लॅब अहवाल दिल्यावर काही आठवडेच ठेवते, नंतर टाकून देते. म्हणून हे डिस्चार्जच्या आसपासच विचारायचं.

रिपोर्टात आणखी काय काय आहे ते एकदा बोट ठेवून बघावं. कडा: वरची, खालची आणि बाजूची, तिन्ही मोकळ्या आहेत का. कॅन्सरचा लॉरेन प्रकार, म्हणजे पेशींची ठेवण आतड्यासारखी की पसरट. सिग्नेट रिंग पेशी असतील तर तेही लिहिलेलं असतं. रक्तवाहिन्या आणि नसांत शिरकाव. आधी केमो झाली असेल तर मूळ गाठ किती विरघळली याची श्रेणी. पोटातल्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या असतील तर तो थेट चौथा टप्पा धरला जातो, मग बाकीचे रकाने कितीही चांगले असोत. हर-२ आणि एमएमआर या कॅन्सरच्या तुकड्यावरच्या प्रथिनांच्या तपासण्या राहिल्या असतील तर त्या सांगाव्यात, कारण पुढे आजार उलटला तर औषध त्यावरून ठरतं.

'आमची अचूकता ८० टक्के' हे वाक्य प्रत्येक जाहिरातीत असतं. ते बहुधा मेमोरियलच्या सूत्राच्या ०.८० या निर्देशांकावरून उचललेलं. त्याचा अर्थ असा, की दोन पेशंट घेतले तर जास्त धोका कोणाला हे सूत्र शंभरात सुमारे ऐंशी जोड्यांत बरोबर ओळखतं. एका माणसाचं भविष्य ऐंशी टक्के बरोबर निघतं, असं त्यात काहीच नाही. आणि त्याच अभ्यासात नुसत्या टीएनएम टप्प्याचा निर्देशांक ०.७७ होता. म्हणजे सर्जननी फुकट सांगितलेल्या टप्प्यापेक्षा हे गणित जेमतेम पुढे, आणि अठरा हजार त्या तीन शतांशांचे.

सहा महिन्यांनी दुसरा अहवाल घ्यायला लावतात आणि त्यात टक्केवारी वाढलेली दिसते. कोर्सचा गुण आला, असं सांगतात. प्रत्यक्षात पोटाचा कॅन्सर उलटला तर बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांत उलटतो. त्यातला काही काळ सुखरूप गेला की पुढची शक्यता काहीही न करता वाढते. गणित ऑपरेशनच्या दिवसापासून न करता आजपासून केलं की झालं. 'कोर्स पूर्ण केलेल्या पेशंटचे' व्हिडिओही याच जातीचे: सहा महिने जे टिकले तेच कोर्स पूर्ण करतात, आधी गेलेले व्हिडिओत येत नाहीत. रक्तातला सीईए किंवा सीए १९-९ (कॅन्सरमध्ये वाढू शकणारे रक्तातले घटक) उतरला हाही पुरावा म्हणून पुढे केला जातो. ऑपरेशनआधी सीईए वाढलेला असेल, तर गाठ काढल्यावर आपोआप उतरतो. सीए १९-९ काही लोकांच्या शरीरात जन्मतःच बनत नाही, आणि कावीळ झाली तर कॅन्सर नसतानाही चढतो.

सर्वांत महाग पडतो तो केमो थांबवण्याचा सल्ला. फ्लॉटची रचनाच ऑपरेशनआधी चार आणि नंतर चार, दर दोन आठवड्यांनी एक अशी आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ७१६ पेशंटच्या जर्मन चाचणीत फ्लॉट गटातले निम्मे पेशंट ५० महिन्यांपेक्षा जास्त जगले. जुन्या केमोच्या गटात हाच आकडा ३५ महिने होता. त्या चाचणीतही आठच्या आठ सायकल पूर्ण होणारे निम्म्याहून कमी होते. ऑपरेशननंतर वजन उतरतं, घास जात नाही, पांढऱ्या पेशी कमी होतात. डोस कमी करणं, एखादी सायकल पुढे ढकलणं, प्रसंगी थांबवणं, हे सगळं होतं. पण ते ऑन्कोलॉजिस्ट पेशंट समोर बसवून, रक्त तपासून ठरवतात. फोनवरच्या माणसाला हिमोग्लोबिन किती हेसुद्धा माहीत नसतं.

एक धोका पैशापेक्षा मोठा. 'डीएनए तपासणीसाठी' म्हणून मेणाचा ब्लॉक मागतात. ऑपरेशनमध्ये काढलेला कॅन्सरचा तुकडा पुढच्या तपासण्यांसाठी उरतो तो त्या ब्लॉकमध्येच. तो हरवला किंवा कापून संपवला, तर पुढे हर-२ करायला काही हाती राहत नाही. दुसरं मत हवंच असेल तर लॅबकडून रंग न दिलेल्या स्लाइड मागाव्यात, ब्लॉक नेलाच तर पोच घेऊन आणि स्वतः मान्यताप्राप्त रुग्णालयात द्यावा. परळच्या टाटा रुग्णालयात बाहेरच्या स्लाइड आणि ब्लॉक तपासून मिळतात. फाईलच्या प्रती देणं रुग्णालयावर बंधनकारक आहे. लेखी मागणी केल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात.

पैसे गेलेच असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा, जितक्या लवकर तितकं बरं, कारण खात्यातून रक्कम पुढे सरकण्याआधीच ती गोठवता येते. यूपीआयचा व्यवहार क्रमांक हाताशी ठेवावा. कॅन्सर बरा करण्याची जाहिरात करणं हा १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार कायद्याखाली गुन्हा आहे. पोलिसांकडे तक्रार देताना जाहिरातीचा मजकूर सोबत जोडावा. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, आपण राहतो त्या जिल्ह्यातही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. आधी विचारपूस करायची असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. चॅट एक्स्पोर्ट करून ठेवावं, नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. अहवालाची मूळ पीडीएफ तशीच जपावी, विशेषतः शेवटचं पान, आणि शेजारी बायोप्सीचा मूळ रिपोर्ट ठेवून २/९ च्या खाली लाल रेघ मारावी.