स्विस आर्मीची जुनी रायफल घ्यायचीय? आधी के-३१, बाकीचं नंतर

निकाल आधीच सांगून टाकतो. कलेक्शनसाठी पहिलीच स्विस मिलिटरी रायफल घेणार असाल तर के-३१ घ्या, आणि त्यातही शोकेसमधली गुळगुळीत चकचकीत नको, दस्त्याला टवके उडालेली पण आतून नळी स्वच्छ असलेली घ्या. मी तीच घेतली. इथे स्वित्झर्लंडमध्ये राहून एवढी वर्षं झाली, दर वीकेंडला कुठल्यातरी गावात तीनशे मीटरच्या रेंजवरून ठो ठो आवाज येतो, ट्रेनमध्ये समोरच्या सीटवरचा पोरगा मांडीवर रायफल आडवी टाकून मोबाईल बघत बसलेला असतो, त्यामुळे कधीतरी ही खाज सुटणारच होती.

दुकानात गेलं की साधारण चार पर्याय समोर येतात. सगळ्यात जुनी व्हेटर्ली, मॉडेल १८६९ पासूनची, दिसायला एकदम राजेशाही, नळीखाली ट्यूबमध्ये गोळ्या भरायच्या. पण तिची १०.४ मिमीची रिमफायर (कडेवर ठोका बसून पेटणारी) गोळी आता बनत नाही, म्हणजे भिंतीवर टांगायला उत्तम, बाकी नमस्कार. मग येते १८८९ ची श्मिट-रुबिन. रुडॉल्फ श्मिटचा बोल्ट (गोळी आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा) आणि एडुआर्ड रुबिनची ७.५ मिमीची गोळी म्हणून हे जोडनाव. हिच्या मॅगझिनमध्ये बारा गोळ्या मावतात, ते खाली असं लोंबत असतं की फोटोतसुद्धा लगेच ओळखू येते. दिसते भारी, पण एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, हिच्यात नंतरची, जास्त प्रेशरची जीपी-११ गोळी अजिबात वापरायची नाही. हिचे लग्ज, म्हणजे बोल्ट लॉक करणारे दात, बोल्टच्या मागच्या बाजूला आहेत, आणि अ‍ॅक्शन, म्हणजे बोल्टची सगळी यंत्रणा, जुन्या, कमी प्रेशरच्या गोळीसाठी बनवलेली आहे. नवीन गोळी आत बसते म्हणून चालते असं समजणारे महाभाग असतात, त्यांच्या शेजारच्या लेनवर उभं राहू नका.

तिसरी १९११ ची लांब रायफल. जवळपास १.३ मीटर, खांद्याला लावली की मस्त स्थिर राहते आणि म्हातारे शूटर्स अजून तिच्यावर जीव टाकतात, पण माझ्या फ्लॅटमधल्या गन सेफमध्ये ती उभी मावत नाही हा साधा प्रॉब्लेम. तिचीच आखूड बहीण के-११.

आणि मग के-३१. बर्नच्या सरकारी कारखान्यात अडॉल्फ फुरर नावाच्या कर्नलच्या हाताखाली हिचं डिझाईन झालं. त्यांनी काय केलं तर बोल्ट आखूड केला, लग्ज पुढे आणले, आणि वाचलेली जागा नळीला दिली. के-११ ची नळी ५९२ मिमी आणि के-३१ ची ६५२, म्हणजे रायफलची एकूण लांबी जवळपास तेवढीच ठेवून सहा सेंटीमीटर नळी जास्त. हे वाचायला किरकोळ वाटतं, पण मला विचाराल तर अख्ख्या रायफलीतली सगळ्यात हुशार गोष्ट हीच आहे. १९५८ पर्यंत या बनत होत्या, त्यामुळे बाजारात तुटवडा नाही आणि काही शे फ्रँकमध्ये चांगली मिळते. स्नायपरवाली झेडएफके-५५ बघायला जाऊ नका, भाव ऐकून घरी वाद होतील.

आता चालवायला कशी? एनसीसीत ज्यांनी थ्री नॉट थ्री हाताळलीय त्यांना आठवत असेल, बोल्ट वर उचला, मागे ओढा, पुढे ढकला, खाली दाबा. इथे वर-खाली काही नाहीच. हँडल सरळ मागे खेचायचं, सरळ पुढे ढकलायचं, बोल्ट आतल्या आत आपोआप फिरून लॉक होतो. पहिल्यांदा मी घाबरत घाबरत हळू ओढला तर अडकल्यासारखा वाटला, शेजारचे आजोबा हसले आणि म्हणाले जोरात ओढ, ती काय काचेची आहे का. खरंच जोरात ओढला की खटॅक करून असा येतो की लोण्यातून सुरी. मागे जी मोठी रिंग दिसते ती शोभेची नाही, ती मागे ओढून फिरवली की सेफ्टी लागते, आणि ती एवढी मोठी आहे की थंडीत हातमोजे घालूनसुद्धा पकडता येते. ट्रिगर दोन टप्प्यांचा, पहिला टप्पा सैल, मग एक भिंत लागते आणि तिथून पुढे काच तुटावी तशी गोळी झटकन सुटते. सत्तर-ऐंशी वर्षं जुन्या सरकारी मालाचा ट्रिगर असा असेल असं वाटलं नव्हतं.

घेताना काय बघायचं. दस्ता सगळ्यात शेवटी बघा, पण दुकानदार नेमका तोच आधी दाखवतो! मी ज्या पहिल्या दुकानात गेलो (नाव घेत नाही) तिथे एक के-३१ होती, लाकूड आरशासारखं, वॉर्निश मारलेलं, आणि किंमत बाकीच्यांपेक्षा चांगलीच वर. हातात घेतली तर घासकामात कडा गोल झालेल्या, लाकडावरचे शिक्के पुसट, दस्त्याच्या टोकावरची लोखंडी बटप्लेट लाकडाच्या किंचित बाहेर आलेली, कारण लाकूडच कमी झालेलं. कलेक्शनच्या दृष्टीने ती गेली. बहुतेक के-३१ चे दस्ते खालच्या भागात कुरतडल्यासारखे असतातच, बर्फात आणि चिखलात उभ्या ठेवल्या, खिळेवाल्या बुटांचे फटके खाल्ले, ते तसंच राहू द्यायचं. थोडं तेल लावा, सॅंडपेपर कपाटात ठेवा. लाकूड दोन प्रकारचं मिळेल, जुन्यांना अक्रोड, गडद, आणि १९४६ च्या आसपासपासून बीच, जरा पिवळट. अक्रोडाला लोक जास्त पैसे देतात. माझी बीचची आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही.

खरं बघायचं ते नंबर आणि नळी. रिसीव्हर (बोल्ट ज्यात बसतो ती लोखंडी चौकट), बोल्ट आणि मॅगझिन यांचे नंबर जुळले पाहिजेत. मॅगझिनवर फक्त शेवटचे आकडे असतात, ते बघून फसवलं असं समजू नका. बोल्ट काढून नळीतून उजेडाकडे बघा, चर स्पष्ट दिसले आणि आत काळे खड्डे नसले की झालं. इथे एक चांगली गोष्ट म्हणजे जीपी-११ गोळी गंज आणणारी नाही, त्यामुळे दुसऱ्या देशांच्या जुन्या रायफलींमध्ये जी सडलेली नळी बघायला मिळते ती इथे सहसा दिसत नाही. कुठे 'पी' असा शिक्का असेल तर नोकरी संपल्यावर ती सैनिकालाच खाजगी म्हणून दिलेली, त्यात वाईट काही नाही.

आणि हो, बटप्लेटचे दोन स्क्रू काढून आत बघा. बऱ्याच रायफलींमध्ये घडी घातलेली चिठ्ठी असते, सैनिकाचं नाव, जन्मसाल, युनिट, पत्ता. माझ्यात निघाली, पिवळी पडलेली, अक्षर सुवाच्य. फोटो काढलात तर नाव झाकून टाका, तो माणूस किंवा त्याची पोरं अजून त्याच गावात असू शकतात.

तक्रारी आहेत. रिकामी पुंगळी वर उडते, म्हणून नळीच्या बरोबर वर स्कोप लावायचा म्हणजे डोकेदुखी, बाजूला सरकलेला क्लॅम्प लागतो. पुढची साईट सरकवायला वेगळं टूल लागतं, हातोडीने ठोकू नका. डावखुऱ्यांना हँडल उजवीकडेच. गोळ्या भरायचा चार्जर पुठ्ठ्याचा आणि पत्र्याच्या कडांचा, सहा गोळ्यांचा, छान कल्पना आहे पण जुना झाला की फाटतो, म्हणून चांगले दिसले की चार-पाच उचलून ठेवा.

कागदपत्रांचं थोडक्यात. सी परमिट, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, असेल तर या बोल्टवाल्या रायफलीला लेखी करार आणि त्याची प्रत कॅंटनच्या (इथल्या राज्याच्या) ऑफिसला, एवढ्यात बहुतेक भागतं. बी परमिटवाल्यांनी (मुदतीचा परवाना असलेल्यांनी) आधी वेपन परमिट काढायचं, मगच दुकानाची पायरी चढायची. नियम कॅंटनच्या ऑफिसमध्ये विचारूनच पुढे जा, दुकानदाराच्या तोंडी शब्दावर नको. आणि कायमचं पुण्याला परत जाताना सोबत नेऊ असा विचार असेल तर तो आत्ताच सोडा, इथेच विकायची तयारी ठेवा.

पाचपैकी साडेचार. अर्धा त्या स्कोपसाठी कापला. पुढचं बजेट १९१८ च्या बायोनेटसाठी बाजूला ठेवलंय, म्यानासकट आणि नंबरवाला मिळाला तरच घेणार.