उलट्या आट्याच्या ड्रिल बिटचा सेट : आठ महिन्यांनंतर

आमच्या मारुती ८०० चा तीन नंबरचा स्पार्क प्लग काढताना ‘कट्’ असा आवाज झाला. डोकं पान्यात आलं, चिनीमातीचा दांडाही सोबत आला आणि आट्यांची लोखंडी नळी इंजिनच्या हेडमध्येच राहिली. मेस्त्री म्हणाले, “साहेब, हेड उतरवू. बुरा आत गेला तर सिलिंडरवर ओरखडे पडतील.” हेड उतरवायचं म्हणजे टायमिंग बेल्ट, गॅस्केट, कूलंट सगळंच आलं. मग साडेनऊशे रुपये मोजून हा सेट मागवला. उलट्या दिशेने फिरून कापणारी पाच बिटं, आणि तुटलेला तुकडा आतून पकडून फिरवून काढायचे पाच एक्स्ट्रॅक्टर.

आल्यावर कळलं, की माझं जुनं ड्रिल उलटं फिरतच नाही! घेणाऱ्यांनी हे आधी बघा. मी शेजाऱ्यांचं मागून आणलं.

सेटमधली खरी कामाची वस्तू म्हणजे बिटं. कापतानाच ती प्लग सुटायच्या दिशेने फिरतात, त्यामुळे कधीकधी एक्स्ट्रॅक्टरपर्यंत जावंच लागत नाही. माझंही तसंच झालं. आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवला होता. सकाळी तीन नंबरचा पिस्टन कंप्रेशनच्या टोकाला, म्हणजे अगदी वर आणला. तिथे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, म्हणजे कापलेल्या लोखंडाचे किस व्हॉल्व्हच्या सीटमध्ये अडकायची भीती नाही. पण पिस्टन इतका जवळ असल्यावर बिट पार गेलं तर त्याच्यावरच आदळणार. या प्लगचे आटे १९ मिमी लांब, म्हणून त्याच्या अलीकडेच बिटाला टेप गुंडाळून खूण केली.

बिटाच्या खाचा ग्रीसने भरल्या. दोन-तीन सेकंद फिरवायचं, बाहेर काढायचं, फडक्याला पुसायचं, परत ग्रीस. फडक्यावर ग्रीसमध्ये रुतलेले चकचकीत कुरळे किस दिसायचे. हे कंटाळवाणं काम तासभर चाललं. पाचव्या-सहाव्या खेपेला बिट नळीत रुतलं आणि नळी हलकेच फिरून बाहेर आली.

तरी समाधान नव्हतं. व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला काचेवर पाणी मारायची बारीक नळी टेपने बांधून आत फिरवली. मोबाइलला जोडायच्या कॅमेऱ्यात पिस्टनच्या कडेला दोन किस दिसले, ते चुंबकाच्या काडीने उचलले. लोखंडाचे होते म्हणून उचलले गेले, हेडचं अ‍ॅल्युमिनियम चुंबकाला दाद देत नाही.

एक्स्ट्रॅक्टरबद्दल मात्र तक्रार आहे. पिळाचे, निमुळते आहेत. पोकळ नळीत ठोकले की नळी फुगते आणि आट्यांत आणखी आवळते. तिथे सरळ धारांचे हवेत. शिवाय हे तुटले तर साध्या बिटाने कापत नाहीत, इतके कडक. पुढे एका बाइकच्या, ऑइल काढायच्या गोल झालेल्या ड्रेन नटवर लहान एक्स्ट्रॅक्टर वापरला, तेव्हा ताकद न लावता हळूहळू फिरवला. तिथे ऑइल आधी काढलं नव्हतं. नट सुटल्यावर ऑइलच्याच धारेबरोबर बुरा खाली आला.

आठ महिन्यांत सगळ्यात बारीक बिट मोडलं, त्याच्या पुढच्याची धार गेली. जाड तीन अजून नीट कापतात. प्लगचे आटे वाचले, इन्सर्ट (खराब आट्यांच्या जागी बसवायची नवी आट्यांची नळी) बसवावा लागला नाही. नवा प्लग हाताने शेवटपर्यंत फिरवला आणि मगच पाना लावला.

सेट सध्या मेस्त्रींकडे आहे. दोनदा मागितला, “उद्या देतो” म्हणाले.