होपी मडकं घेताना आधी आत हात घाला

ग्रँड कॅन्यनहून फ्लॅगस्टाफला परतताना हायवेवरच्या एका दुकानात मी साडेचारशे डॉलरला होपी मडकं घेतलं. होपी ही अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातली मूळ रहिवासी जमात. पिवळसर केशरी अंग, त्यावर काळ्या-तांबड्या रंगात पक्ष्याची पिसं. दुकानदार भरभरून सांगत होता: हानो गावची मडकी घडवणारी नाम्पेयो, 1895 साली सिक्यात्की या जुन्या ओसाड होपी गावी झालेलं उत्खनन, तिथल्या जुन्या खापरांवरची नक्षी तिने पुन्हा कशी जिवंत केली. हे सगळं खरं आहे, आणि मी फसले ती त्यामुळेच. समोरचं मडकं कुणी घडवलं, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

दोन दिवसांनी पोलाक्का या होपी गावात मडकी घडवणाऱ्या एका बाईंना ते दाखवलं. त्यांनी नक्षीकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ आत हात घातला. मग माझं बोट धरून गळ्यापासून बुडापर्यंत फिरवलं. नखाला एक बारीक, सरळ रेघ लागली. घासून काढलेला साच्याचा जोड. "हे ओतलेलं आहे. वरून रंगवलंय, एवढंच."

त्यांच्याकडे मातीच्या वळ्या एकावर एक चढवून मडकं उभं करतात. चाक नाही, साचा नाही. चकाकी येते ती गुळगुळीत दगडाने घासून. काळा रंग रानटी झाडपाला उकळून काढलेला, कुंचला युक्का या वाळवंटी झाडाच्या पानाचा. भाजणं उघड्यावर, मेंढ्यांच्या वाळलेल्या लेंड्यांच्या आचेत. आच कमीजास्त लागते, म्हणून एकाच मडक्यावर पिवळा, केशरी, लालसर अशा छटा उमटतात. माझ्या मडक्याचा रंग मात्र चारही बाजूंनी एकसारखा होता.

रात्री पावती काढून वाचली. 'हाताने रंगवलेलं, होपी शैली.' बस्स. मूळ रहिवाशांनी बनवलेलं नसताना तसं भासवून वस्तू विकणं अमेरिकेत 1990 च्या कायद्याने गुन्हा आहे. पण तो जे बोलला ते सगळं तोंडी. मी सिद्ध कशाने करणार? तरी फोटो जोडून इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स बोर्ड या सरकारी मंडळाकडे तक्रार केली आहे. पैशांपेक्षा मला जास्त लागलं ते हे, की अशा ओतीव मालामुळे त्या बाईंच्या मेहनतीला भाव मिळत नाही.

तुम्ही घ्याल तेव्हा घडवणाऱ्याचं नाव, गाव, वळ्यांचं की साच्यातलं, कशात भाजलं, हे सगळं पावतीवरच लिहून मागा. दुकानदार टाळाटाळ करू लागला तर मडकं खाली ठेवा आणि निघा.

निघताना मी त्या बाईंकडून एक छोटा वाडगा घेतला. मी न मागताच त्यांनी हे सगळं कागदावर लिहून खाली सही केली.