विजापूर रोडवरच्या थ्रीडी प्रिंटिंगच्या दुकानातून प्रथिनांची मॉडेल्स करून घेतली

एमएस्सीच्या वर्गात प्रथिनाचा ‘फोल्ड’, म्हणजे त्याच्या साखळीची त्रिमितीय घडी, मी वीस वर्षं फळ्यावर काढून शिकवला. यंदा तो मुलांच्या हातात द्यायचा ठरवलं. सोलापुरात विजापूर रोडवरच्या एका छोट्या दुकानात ट्रॉफ्या, मशीनचे मोडलेले गिअर असं छापून देतात. तिथून मायोग्लोबिन (स्नायूंत ऑक्सिजन साठवणारं), लेगहिमोग्लोबिन (शेंगावर्गीय झाडांच्या मुळांवरच्या गाठींतलं) आणि टिम बॅरल (एन्झाइम्समधली पिंपासारखी घडी) अशी तीन मॉडेल्स करून घेतली. रचना प्रोटीन डेटा बँकेत फुकट मिळतात; किमेरा-एक्स या सॉफ्टवेअरमध्ये त्यांचं फितीसारखं रूप (रिबन) करून पेनड्राइव्हवर नेल्या.

पहिलं मायोग्लोबिन देखणं आलं, पण छापताना फाइल आरशातल्यासारखी उलटली होती, सगळे हेलिक्स (मळसूत्रासारखे वळसे) डावे! आपली प्रथिनं एल-अमिनो आम्लांची, त्यांचा अल्फा हेलिक्स उजवाच वळतो. दुकानदारांना ते नेहमीच्या स्क्रूचे आटे दाखवून सांगितलं. त्यांनी स्क्रू मॉडेलशेजारी धरून पाहिला आणि एक रुपया न घेता पुन्हा छापून दिलं.

टिम बॅरलचे लूप (भागांना जोडणारे बारीक वळणदार धागे) छपाईचे सपोर्ट काढताना दोनदा तुटले. “मॅडम, आतून आधार द्या,” असं त्यांनीच सुचवलं. मग मी हायड्रोजन बंध बारीक काड्यांसारखे दाखवले आणि मॉडेल टिकलं. खऱ्या प्रथिनातही बीटा पट्ट्या (साखळीचे ताणलेले भाग) याच बंधांनी एकमेकींना धरून असतात. इतका नेमका सल्ला मला कुठल्या प्रयोगशाळेतही मिळाला नसता.

वर्गात मोहोळची एक मुलगी शेतातून हरभऱ्याची मुळं घेऊन आली. गाठी कापल्या तर आत गुलाबी. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा. आमचं मॉडेल ल्युपिन या शेंगावर्गीय झाडाचं. शेजारी देवमाशाचं मायोग्लोबिन ठेवलं, केंड्र्यू यांनी १९५८ मध्ये ज्याची रचना पहिल्यांदा उलगडली तेच. दोघांतला अमिनो आम्लांचा क्रम बहुतांशी वेगळा, पण हीम या लोह असलेल्या रेणूभोवती हेलिक्सची मिठी तीच. मुलांनी डोळे मिटून, बोटांनी चाचपून ती ओळखली.

टिम बॅरलमध्ये आत आठ पट्ट्या, बाहेर आठ हेलिक्स. १९७५ मध्ये कोंबडीच्या स्नायूतल्या ट्रायोज फॉस्फेट आयसोमरेज (इंग्रजी आद्याक्षरांनी ‘टिम’) या एन्झाइमच्या रचनेत हे पिंप दिसलं, त्यावरूनच हे नाव. पुढे ते कितीतरी एन्झाइम्समध्ये सापडलं. आपल्या लाळेतल्या अमायलेजचा गाभाही हाच. ज्वारीची भाकरी सावकाश चावली की गोड लागते ती त्याच्यामुळे.

तिन्हींचे मिळून २,४०० रुपये झाले, दहा दिवस लागले. एक सांगते, हे पीएलए प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. सोलापूरच्या मे महिन्यात बंद गाडीत मॉडेल ठेवू नका.

आता लॅक्टेट डिहायड्रोजिनेज या एन्झाइमचा रॉसमन फोल्ड, ही आणखी एक घडी, छापायला दिलाय. फाइल घेतानाच दुकानदारांनी वहीत लिहून ठेवलं: ‘उजवे आटे’.